तेलात अडकलेली हवा

गॅरेजमध्ये मोटारीची पुढची बाजू उचलून ठोकळ्यांवर टेकवली आहे. इंजिन बंद आहे. कारागीर स्टिअरिंगचे चाक सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो आहे, एकदा नव्हे, दहा-वीस वेळा. मधूनच तेलाच्या टाकीत डोकावतो आणि पातळी उतरली की तेल घालतो. विचारले तर म्हणतो, “पंपाने हवा धरलीय, ती काढतोय.” या साध्या कामाचा इतिहास साडेतीनशे वर्षांहून जुना आहे.

द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हे पास्कलने मांडले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभरांना तोलून धरील, असे त्यात म्हटले होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बॉइल हवा तपासत होता. हवा स्प्रिंगसारखी वागते, हे त्याने १६६० मध्ये दाखवले. दाब दुप्पट केला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा नियम १६६२ मध्ये आला.

मग पाणी अजिबात दाबले जात नाही का? फ्लॉरेन्सच्या अकादमीने चांदीच्या पोकळ गोळ्यात पाणी भरून तो हातोडीने ठोकला. पाणी आकसण्याऐवजी धातूतून घामासारखे पाझरले. १६६७ मध्ये छापलेल्या या प्रयोगावरून पाणी दाबले जात नाही असाच अर्थ पुढे अनेकांनी काढला. जवळजवळ शंभर वर्षे तो टिकला.

त्याला धक्का दिला तो लंडनच्या एका शाळामास्तराने. जॉन कॅन्टनने १७६२ मध्ये काचेच्या लहान गोळ्याला बारीक नळी जोडून त्यात पाणी भरले. पण आधी त्या पाण्यातली हवा काढून टाकली, कारण एखादा बुडबुडा राहिला असता तर पाणी आकसले की हवा, हे कळलेच नसते. बाहेरचा दाब काढला की पाणी नळीत किंचित चढे, दाब वाढवला की उतरे. एका वातावरणाइतक्या दाबाने पाणी सुमारे २२,००० व्या भागाने आकसते, असे त्याचे उत्तर आले. आजच्या मोजमापाशी ते चांगले जुळते. या कामासाठी रॉयल सोसायटीने त्याला १७६४ चे कॉप्ली पदक दिले.

पास्कलच्या तत्त्वावर १७९५ मध्ये ब्रामाने दाबयंत्राचे पेटंट घेतले. मोटारीत हे तत्त्व आणले अमेरिकेच्या फ्रान्सिस डेव्हिसने. १९२६ मध्ये त्याने पॉवर स्टिअरिंग बसवलेली गाडी चालवून दाखवली. मंदीच्या काळात खर्च परवडेना म्हणून ते मागे पडले, दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांत आले आणि १९५१ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीतून बाजारात उतरले.

आता कारागिराकडे परत येऊ. पंपाचा दाब वातावरणाच्या ७० पट झाला असे समजू. लिटरभर तेल एवढ्या दाबाखाली जेमतेम चार-पाच घन सेंटिमीटर आकसते. पण त्यात १४ घन सेंटिमीटर हवा अडकली असेल, तर बॉइलच्या नियमाने (तापमान तेच धरून) ती ०.२ घन सेंटिमीटर होते. म्हणजे एवढीशी हवा सगळ्या तेलापेक्षा अधिक आकसते. पंपाचा जोर चाकांऐवजी ही स्प्रिंग दाबण्यात जातो. पंप कण्हतो, तेल फेसाळते, स्टिअरिंग मध्येच जड, मध्येच हलके लागते. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असू शकतो. तिचा जोड सैल असेल, तर तेल न गळताही हवा आत शिरते. म्हणून आधी जोड पाहायचा, मग हवा काढायची.

इंजिन बंद ठेवायचे, कारण चालू पंप बुडबुडे घुसळून त्यांचा बारीक फेस करतो, आणि बारीक बुडबुडे फार हळू वर येतात. चाके उचललेली असली की ती सहज वळतात. दट्ट्या इकडून तिकडे सरकताना तेलाबरोबर हवाही टाकीकडे ढकलली जाते. काही ठिकाणी टाकीच्या तोंडाशी छोटा निर्वात पंप लावतात. दाब उतरला की बुडबुडे फुगतात आणि चटकन वर येतात. बॉइल आणि कॅन्टन यांच्या प्रयोगशाळेतले साधन असे गॅरेजमध्ये पोहोचले आहे.

आज पुष्कळ मोटारींत विजेवर चालणारे स्टिअरिंग असते, तरी ट्रक व ट्रॅक्टरमध्ये तेल अजून काम करते. वर्गात मात्र सुई नसलेल्या दोन सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा तुकडा पुरेल. सगळे पाण्याने भरून एक दट्ट्या दाबा, दुसरा लगेच हलेल. मग नळीत हवेचा मोठा बुडबुडा ठेवा, दुसरा दट्ट्या बोटाने हलकेच धरा आणि पुन्हा दाबा. आधी बुडबुडा आकसेल, दट्ट्या उशिरा हलेल. यानंतर ‘द्रव दाबले जात नाहीत’ हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांना विचारा, ते पूर्ण खरे आहे का? त्याचे उत्तर एका शिक्षकानेच शोधले होते, हेही त्यांना जरूर सांगा.