आवारातले लांडगे आणि घरातली कुत्री

एका घरात दोन-तीन कुत्री असली, की कधी ना कधी त्यांची जुंपतेच. कधी गुरगुरण्यावर भागते, कधी रक्त निघते. अशा वेळी कुत्री पाळणाऱ्यांना वर्षानुवर्षे एक सल्ला मिळत आला. दोघांत वरचढ कोण ते ओळखा आणि त्याची बाजू घ्या. खाणे आधी त्याला द्या, लाडही आधी त्याचेच करा. दुसऱ्याला आपली पायरी कळली की भांडणे थांबतील. हा सल्ला आला कोठून, ते आपण पाहू या.

सुरुवात होते कोंबड्यांपासून. कोणती कोंबडी कोणाला चोच मारते याचा ठरावीक क्रम असतो, हे नॉर्वेच्या शेल्डेरुप-एबे यांनी १९२१ साली मांडले. मग असा क्रम इतर प्राण्यांतही शोधला जाऊ लागला. स्वित्झर्लंडमध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांची निरीक्षणे १९४७ साली प्रसिद्ध केली. तिथे साधारण १० मीटर रुंद आणि २० मीटर लांब आवारात दहापर्यंत लांडगे असत. त्यांच्यात सतत चढाओढ चाले आणि एक नर व एक मादी वरचढ ठरत. पुढे अशा प्राण्याला 'अल्फा' म्हणण्याचा प्रघात पडला. अमेरिकेच्या डेव्हिड मेच यांच्या १९७० सालच्या 'द वुल्फ' या पुस्तकाने ही कल्पना दूरवर पोचवली.

कुत्रा लांडग्याचा वंशज. तेव्हा घर म्हणजे कळप आणि मालक त्याचा म्होरक्या, असा हिशेब मांडला गेला. न्यू स्कीट मठातल्या साधूंनी १९७८ साली लिहिलेल्या पुस्तकात तर चुकणाऱ्या कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरावे, असे सांगितले होते. घाबरलेला कुत्रा अशा वेळी चावू शकतो. २००२ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच हा उपाय मागे घेतला.

दरम्यान मेच यांनी १९८६ पासून अनेक उन्हाळे कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांबरोबर काढले. त्यांना दिसले ते एक कुटुंब : आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पिल्ले. आईबाप पुढे असत ते आईबाप म्हणून, कोणाला हरवून नव्हे. पिल्ले मोठी झाली की कळप सोडून जात. १९९९ साली मेच यांनी हे शोधनिबंधात मांडले. एवढेच नव्हे, तर आपले जुने पुस्तक छापू नये म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले.

मग शेंकेल यांनी पाहिले ते खोटे होते का? नाही. पण त्या आवारातून निघून जाण्याची सोय कोणत्याही लांडग्याला नव्हती. आमच्या मते घरातल्या कुत्र्यांच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. घरही आवारच असते. मार खाणाऱ्या कुत्र्याला दुसरीकडे जाता येत नाही.

म्हणून 'मोठा कोण' यापेक्षा 'भांडण कशावरून आणि केव्हा होते' हे विचारणे अधिक उपयोगी. एकाच घरात भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्यांचा अमेरिकेतला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक जोड्या समलिंगी होत्या. मालकाने एकाकडे लक्ष देणे, खाणे, सापडलेली एखादी वस्तू, दारावर कोणी आल्यावर उडणारी धांदल, अशा कारणांवरून ठिणगी पडत होती.

उपायही त्यातूनच सुचतात. कुत्र्यांना वेगवेगळ्या खोलीत खायला द्यावे, हाडे आणि खेळणी मध्येच पडू देऊ नयेत. प्रत्येकाला निवांत पडायला स्वतंत्र जागा हवी, आणि मध्ये बंद करता येईल असे दार हवे. शांत राहिलेल्या कुत्र्याला बक्षीस द्यावे. एरवी गुण्यागोविंदाने राहणारा कुत्रा एकाएकी चिडू लागला, तर आधी पशुवैद्याकडे न्यावे, कारण दुखणेही कुत्र्याला चिडखोर करते. भांडण जुंपलेच तर मध्ये हात घालू नये. मोठा आवाज करावा, फळी किंवा खुर्ची मध्ये सारावी आणि दोघांना वेगळे करावे.

वर्गात हा विषय निघालाच, तर मुलांना एक प्रश्न जरूर विचारू या : लांडगे पाहिले ते कोठे, आवारात की रानात? एका प्रश्नाने एवढा फरक पडला.