बळ होते, तरी गाडीच्या पुढे लागता येईना : जुन्या डिझेल इंजिनांची गोष्ट

१/ आटपाडीला रेल्वे स्थानक नाही. गाडी धरायची तर माणदेशातील माणूस सांगोल्याची वाट धरतो. तिथून जाणाऱ्या मिरज-पंढरपूर मार्गाने वाफ, डिझेल आणि वीज ही तिन्ही युगे पाहिली. या प्रवासात एक प्रश्न दडला आहे : धडधाकट इंजिनही गाडीच्या पुढे लागण्यास अपात्र का ठरते?

२/ हा मार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या कल्पनेतून १८९७ मध्ये सुरू झालेली ही अडीच फुटी रेल्वे १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. २०१०च्या सुमारास मार्ग रुंद झाला आणि अरुंद मार्गावरची इंजिने येथे निरुपयोगी ठरली. त्यांचे बळ घटले नव्हते; रूळ बदलले होते.

३/ ब्रॉडगेजवर डिझेलयुगाचा चेहरा होता डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून १९६२ मध्ये पहिली इंजिने आली. १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. शक्ती २६०० अश्वशक्ती. पुण्याच्या डिझेल शेडमध्येही ती दीर्घकाळ नांदली.

४/ परंतु पुढे लागणे म्हणजे केवळ ओढणे नव्हे. पुढच्या इंजिनाला दोन कामे साधावीच लागतात : संपूर्ण गाडी थांबवणे आणि समोरचे पाहणे.

५/ आधी थांबवणे. या वर्गातील जुनी इंजिने गाडीसाठी व्हॅक्युम ब्रेक वापरत. नळीतील हवा खेचून घेतली की ब्रेक सुटे. हवा आत शिरली की लागे. पण हे सारे बळ वातावरणाच्या दाबावर अवलंबून. त्या दाबाला मर्यादा, म्हणून ब्रेकलाही मर्यादा. लांब मालगाडीत शेवटच्या डब्यापर्यंत परिणाम पोहोचण्यासही वेळ लागे.

६/ पुढे एअर ब्रेक आला. यात नळीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलो दाबाची हवा असते. दाब उतरला की ब्रेक लागतो. आता पेच पहा : केवळ व्हॅक्युमची यंत्रणा असलेले इंजिन एअर ब्रेकची गाडी ओढू शकेल, पण तिचे ब्रेक चालकाच्या हाती नसतील. म्हणून अनेक इंजिनांत दोन्ही यंत्रणा बसवल्या गेल्या. उरलेल्यांसाठी कामाचे क्षेत्र आक्रसत गेले.

७/ मग पाहणे. डब्ल्यूडीएम-२ला केबिन एकच, तीही एका टोकाजवळ. लांब हूड पुढे असले की उजव्या वळणावरचा सिग्नल त्याआड दडतो; तेव्हा सहायकाने पाहून सांगायचे. याच अडचणीमुळे डब्ल्यूडीपी-४डी या नंतरच्या वर्गाला दोन्ही टोकांना केबिन मिळाली.

८/ अमेरिकेत या प्रश्नाची किंमत रक्ताने मोजली गेली. १२ सप्टेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे प्रवासी गाडी लाल सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली. २५ जण दगावले. त्यानंतरच्या कायद्याने प्रमुख मार्गांवर स्वयंचलित गाडीनियंत्रण सक्तीचे केले. ती यंत्रणा नसलेली जुनी इंजिने तिथे दुसऱ्या इंजिनामागे जोडली जातात; पुढे नाही.

९/ भारतात २०२० मध्ये ‘कवच’ ही राष्ट्रीय गाडीसंरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारली गेली. म्हणजे पात्रतेची कसोटी पुन्हा बदलते आहे.

१०/ यंत्राचा इतिहास लिहिताना आपण अश्वशक्ती मोजतो. पण पुढे लागण्याचा अधिकार ठरतो तो मागे बसलेल्या प्रवाशांच्या जिवावरून. जुने इंजिन दुबळे झाले नाही. समाजाने सुरक्षिततेची अपेक्षा उंचावली.