रोलर कोस्टर आणि त्याचे रसिक : एका लाकडी वारशाची जडणघडण

करमणुकीच्या धंद्यात उभारलेले यंत्र पिढ्यान्‌पिढ्या टिकावे अशी अपेक्षा सहसा कोणी ठेवत नाही. तिकीटबारीवर गल्ला जमतो तोवर ते चालवायचे, गर्दी ओसरली की लाकूड आणि लोखंड भंगारात काढायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे काही उभे करायचे, असा या धंद्याचा रिवाज आहे. उंचावर चढवलेली गाडी केवळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर चढउतारांच्या रुळांवरून धावू देणारा रोलर कोस्टर याच रिवाजात वाढला आणि जवळजवळ शंभर वर्षे याच रिवाजाने मोडीतही निघत राहिला. तो जतन करण्याजोगा आहे, हा विचार बागांच्या मालकांनी किंवा नगरपालिकांनी पुढे आणला नाही. १९७० च्या दशकात तो त्यात बसणाऱ्या प्रवाशांकडून आला. म्हणूनच रोलर कोस्टरच्या इतिहासात यंत्र कसे सुधारत गेले याइतकेच महत्त्व त्यातला गिऱ्हाईक जाणकार कसा होत गेला याला आहे.

या खेळाचे मूळ रशियातील हिवाळ्यात सापडते. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात लाकडी सांगाड्यावर उंच उतरण बांधून तिच्यावर पाणी ओतत आणि ते गोठले की लहानशा घसरगाडीत बसून खाली येत. हिवाळ्यापुरता असलेला हा खेळ बारमाही करण्यासाठी पुढे घसरगाड्यांना चाके बसली. सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनसाठी ओरानियेनबाउम येथे वास्तुविशारद अंतोनिओ रिनाल्डी याने उभारलेल्या घसरगुंडीचा मंडप आजही शिल्लक आहे, मात्र त्याला जोडलेली उतरण कधीच नाहीशी झाली. पॅरिसमध्ये १८१७ साली अशा दोन सार्वजनिक घसरगुंड्या सुरू झाल्या, आणि तेथे गाडीच्या चाकांचे आस मार्गाच्या बाजूंना कोरलेल्या खाचेत अडकवून ठेवण्याची युक्ती वापरात आली. गाडी मार्ग सोडून उडू नये, ही या यंत्रापुढची सर्वांत जुनी अडचण. तिचे हे पहिले उत्तर होते.

दुसरा प्रवाह करमणुकीतून आलाच नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील मॉक चंक या गावी १८२७ साली खाणीतला कोळसा डोंगरावरून कालव्यापर्यंत आणण्यासाठी सुमारे चौदा किलोमीटरची उताराची रेल्वे बांधली गेली. भरलेल्या वाघिणी उतारामुळे आपोआप खाली येत, त्यांच्याबरोबर एका वाघिणीत खेचरांनाही खाली आणत आणि मग तीच खेचरे रिकाम्या वाघिणी ओढत वर नेत. १८४० च्या दशकात परतीचा स्वतंत्र मार्ग झाला, त्यावर वाघिणी ओढण्यासाठी डोंगरमाथ्यावर वाफेची इंजिने बसली आणि खेचरांचे काम संपले. उतारावरचा हा प्रवास अनुभवण्यासाठी पैसे मोजणारे लोक सुरुवातीपासूनच येत होते. १८७२ साली डोंगराखालून बोगदा निघाल्यावर कोळसा त्या वाटेने जाऊ लागला आणि जुनी रेल्वे पूर्णपणे प्रवाशांच्या मौजेसाठी उरली. ती १९३३ पर्यंत चालली आणि पुढे भंगारात विकली गेली. ज्या कारणासाठी मार्ग बांधला ते संपले तरी केवळ उतरण्याच्या अनुभवावर तो साठ वर्षे तग धरू शकला, ही गोष्ट नंतरच्या उद्योजकांच्या नजरेतून सुटली नसावी.

या अनुभवाचा नियमित धंदा केला तो लामार्कस थॉम्प्सन याने. विणलेल्या कपड्यांच्या कारखानदारीत पैसा कमावलेल्या या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर जून १८८४ मध्ये ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. तिचे तिकीट पाच सेंट होते, उंची सुमारे पंधरा मीटर आणि वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. प्रवासी बाकावर बसल्याप्रमाणे बाजूला तोंड करून बसत, आणि दुसऱ्या टोकाला पोचल्यावर नोकर गाडी ढकलून परतीच्या रुळावर चढवत. इतक्या संथ गाडीसाठीही रांगा लागल्या, तेव्हा प्रतिस्पर्धी पुढे सरसावले. चार्ल्स ॲल्कोक याने त्याच वर्षी दोन्ही टोके जोडून मार्ग बंद वळशाचा केला, म्हणजे गाडी निघाल्या ठिकाणी आपोआप परतू लागली. १८८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत फिलिप हिंकल याने गाडी वर ओढून नेणारी यंत्रचलित साखळी बसवली आणि प्रवाशांची तोंडे पुढे वळवली. स्वतः थॉम्प्सन मात्र वेगाच्या मागे लागला नाही. अंधारे बोगदे, रंगवलेली डोंगरदृश्ये आणि अचानक उजळणारे दिवे यांनी सजवलेल्या ‘सीनिक रेल्वे’ त्याने १८८७ पासून उभारल्या. त्या प्रकारातला, १९१२ साली सुरू झालेला एक मार्ग मेलबर्नच्या लुना पार्कमध्ये आजही चालतो आणि त्याच्या गाडीवर अजूनही एक माणूस उभा राहून हाताने ब्रेक लावतो.

प्रवाशाला उलटे फिरवण्याचे प्रयत्नही कोनी आयलंडवर झाले. १८९५ साली तेथे आलेल्या ‘फ्लिप फ्लॅप’ या यंत्राचा वळसा अचूक वर्तुळाकार होता, आणि दोष नेमका तेथेच होता. सरळ मार्गावरून भर वेगात येणारी गाडी वर्तुळात शिरताच शरीरावर पडणारा दाब एकदम वाढे, त्यामुळे प्रवाशांच्या मानेला हिसका बसे. १९०१ च्या ‘लूप द लूप’मध्ये एडविन प्रेस्कॉट याने वळसा लंबगोल करून हा त्रास बराच कमी केला; पण त्याच्या एका गाडीत चारच माणसे बसत, आणि बसणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांचीच गर्दी मोठी राहिली. धंद्याच्या हिशेबात ते बसेना, म्हणून उलटा वळसा पुढे कित्येक दशके अडगळीत पडला.

ज्या एका शोधाने रोलर कोस्टर खऱ्या अर्थाने वेगवान झाला तो दिसायला अगदी साधा आहे. सुरुवातीच्या गाड्यांना रुळावरून धावणारी आणि बाजूंना घासणारी अशी दोनच प्रकारची चाके असत, त्यामुळे उंचवट्यावर गाडी उचलली जाऊ नये म्हणून वेग आणि उतार मर्यादितच ठेवावे लागत. थॉम्प्सनकडेच उमेदवारी केलेल्या जॉन मिलर याने रुळाच्या खालच्या बाजूने फिरणारे तिसरे चाक बसवले आणि १९१९ साली त्याचे पेटंट घेतले. गाडी आता रुळाला वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्ही अंगांनी धरून राहिली. त्यामुळे आधी धोक्याचे ठरले असते असे तीव्र उतार बेधडक आखता येऊ लागले. उंचवट्याच्या माथ्यावर गाडी खाली वळते, पण शरीर आधीच्या गतीने वरच जाऊ पाहते आणि क्षणभर बाकापासून सुटते. रसिक याला ‘एअरटाइम’ म्हणतात आणि रोलर कोस्टरची प्रत बहुधा यावरूनच ठरवतात. ही अनुभूती वारंवार आणि बिनधोक देणे मिलरच्या चाकामुळेच शक्य झाले.

१९२० चे दशक हा या यंत्राचा पहिला बहर होता. अमेरिकेत त्या काळी दीड ते दोन हजार रोलर कोस्टर चालू होते, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. सुटीच्या दिवशीही डबे भरलेले राहावेत म्हणून ट्राम कंपन्यांनी आपल्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर बागा उभारल्या होत्या; पिट्सबर्गजवळची, १८९८ साली सुरू झालेली केनीवुड ही त्यांपैकीच एक. कोनी आयलंडपर्यंत १९२० साली शहराची भुयारी रेल्वे पोचली आणि पाच सेंटांत कामगारवर्ग तेथे येऊ लागला. २६ जून १९२७ रोजी तेथेच, थॉम्प्सनच्या पहिल्या रेल्वेच्या जागी, ‘सायक्लोन’ उभा राहिला. पोलादी आधारांवर लाकडी मार्ग, सव्वीस मीटर उंची आणि जवळजवळ साठ अंशांत कोसळणारा पहिला उतार अशी त्याची रचना आहे. हा बहर सर्वांच्या वाट्याला आला नाही, हेही नोंदवले पाहिजे. अनेक बागांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, किंवा ठरावीक दिवशीच होता. वॉशिंग्टनजवळची ग्लेन एको ही बाग १९६० च्या निदर्शनांनंतर पुढच्या वर्षी सर्वांना खुली झाली, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात अशाच एका बागेत आपल्या लहान मुलीला जाता येत नसल्याचा उल्लेख केला आहे.

ऱ्हासाची कारणे एकमेकांत गुंतलेली होती. १९२९ नंतरच्या मंदीने गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा केला, महायुद्धाने लाकूड, पोलाद आणि रबर दुर्मीळ केले, आणि युद्धानंतर मोटारगाडी व दूरचित्रवाणी यांनी ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरच्या बागेचे प्रयोजनच काढून घेतले. शहरे वाढली तसा बागेखालच्या जमिनीचा भाव तिच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाला. १९६० पर्यंत देशात दोनशेच्या आसपासच रोलर कोस्टर उरले होते. १९५५ साली डिस्नेलँड उघडले तेव्हा तेथे एकही रोलर कोस्टर नव्हता; चार वर्षांनी आलेल्या ‘मॅटरहॉर्न’ने पोलादी नळ्यांचा रूळ रूढ केला आणि नव्या पिढीच्या यंत्रांचा रस्ता मोकळा झाला.

१९७० च्या दशकात दोन घडामोडी समांतर घडल्या. ओहायोतील किंग्ज आयलंड येथे १९७२ साली जॉन ॲलन याने बांधलेला ‘रेसर’ गाजला आणि लाकडी मार्गांना पुन्हा मागणी आली. दुसरीकडे १९७६ साली कॅलिफोर्नियात आंटोन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यांनी उलट्या वळशाचा जुना प्रश्न सोडवला. त्यांचा वळसा तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद, अश्रूच्या थेंबासारखा होता, म्हणजे गाडीचा वेग जेथे सर्वाधिक तेथे वळण सर्वांत सौम्य राहिले आणि दाब हळूहळू वाढू लागला. धंद्याचे लक्ष या नव्या पोलादाकडे वळत असतानाच जुन्या लाकडाला एक अनपेक्षित पक्षकार मिळाला.

सायक्लोन १९७१ साली न्यूयॉर्क नगरपालिकेच्या ताब्यात आला होता आणि शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठी तो पाडण्याचे घाटत होते. त्याविरुद्ध लोकांनी मोहीम उभारली, आणि १९७५ साली तो भाडेकराराने दुसऱ्या चालकाकडे जाऊन दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झाला. १९७८ साली ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिॲस्ट्स’ ही रसिकांची संघटना स्थापन झाली. वार्षिक संमेलने, नियतकालिक आणि बागांना सामूहिक भेटी असे तिचे उपक्रम वरवर छंदाचे वाटतात. पण देशभर फिरून शेकडो मार्ग अनुभवलेल्या सभासदांकडे जे तौलनिक ज्ञान साठले ते एखाद्या बागेच्या मालकाकडेही नव्हते. कोणत्या गावात कोणता मार्ग बंद पडला आहे, तो कोणी आखला होता आणि त्यात काय वेगळे आहे, याची वही या लोकांनी ठेवली.

या ज्ञानाचा उपयोग काय झाला हे ‘फीनिक्स’च्या उदाहरणातून दिसते. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे १९४० च्या दशकात बांधलेला ‘रॉकेट’ हा लाकडी मार्ग १९८० साली बागेबरोबर बंद पडला. पेनसिल्व्हेनियातील नोबेल्स या कौटुंबिक बागेने तो विकत घेतला, एकेक फळी क्रमांक घालून सुटी केली, दोन हजार किलोमीटरहून दूर नेली आणि १९८५ साली तोच मार्ग नव्या नावाने उभा केला. एवढे मोठे लाकडी यंत्र हलवता येते हे सिद्ध झाल्यावर ‘जागा गेली म्हणजे यंत्र गेले’ हे गृहीतक ढासळले. १९०२ सालचा, दोनच प्रकारच्या चाकांवर चालणारा ‘लीप द डिप्स’ १९८५ पासून बंद होता. १९९६ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि १९९९ साली तो दुरुस्त होऊन पुन्हा धावला. सायक्लोनला शहराने १९८८ साली वारसावास्तू ठरवले. प्रत्येक लढाई मात्र जिंकली गेली नाही. सायक्लोनच्या जवळच असलेला, १९२५ सालचा ‘थंडरबोल्ट’ बंद अवस्थेत कुजत राहिला आणि २००० साली नगरपालिकेने तो पाडला.

रसिकांच्या कार्यातला सर्वांत विचारार्ह भाग त्यांच्या निकषांत आहे. लाकडी कोस्टरला ‘अभिजात’ ठरवण्यासाठी त्यांच्या संघटनेने इमारतीचे वय किंवा उंची पाहिली नाही. बाकावर दोघांमध्ये आडकाठी नसावी, म्हणजे वळणावर प्रवासी एकमेकांकडे घसरतील; मांडीवरचा दांडा पारंपरिक, एकाच जागी बसणारा असावा, म्हणजे माथ्यावर शरीर उचलले जाण्यास वाव राहील; पाठीमागे उंच टेकण नसावे, म्हणजे मागच्यालाही पुढचा उतार दिसेल; आणि कोणत्या रांगेत बसायचे हे प्रवाशाने स्वतः ठरवावे, अशा त्यांच्या अटी होत्या. सुरक्षेचे नवे दंडक आणि विम्याच्या चिंता यांमुळे बहुतेक बागा नेमक्या याच गोष्टी बदलत होत्या, त्यामुळे हे निकष म्हणजे त्या बदलांवरची टीकाच होती.

वास्तुवारशाच्या नेहमीच्या चौकटीत हे निकष सहज बसत नाहीत. उन्हापावसात झिजणाऱ्या लाकडी मार्गाची फळी सतत बदलावी लागते, आणि जुन्या कोस्टरमध्ये मूळ बांधणीचे लाकूड फारच थोडे उरते. मूळ सामग्री हीच अस्सलपणाची कसोटी मानली तर यांपैकी बरेच मार्ग जुने म्हणताच येणार नाहीत. रसिकांनी कसोटी दुसरीकडे ठेवली : उतारांची आखणी तीच आहे का, आणि त्या आखणीमुळे १९२७ च्या प्रवाशाच्या शरीराला जे होत असे तेच आजच्या प्रवाशाला होते का. २००५ साली १३९ मीटर उंचीचा विक्रम करणारा न्यू जर्सीतील ‘किंगडा का’ २०२४ साली बंद झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला गेला, तर त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी उंचीचा सायक्लोन धावतो आहे. उंचीचा विक्रम दुसऱ्याला मोडता येतो आणि तो मोडला की यंत्राचे मोल उतरते. आखणीची जाण असलेला गिऱ्हाईक मात्र पुन्हा त्याच मार्गाकडे येतो, आणि एखादा मार्ग राखणे परवडते की नाही याचा मालकाचा हिशेब अखेर त्या परत येण्यावरच बेतलेला असतो.