मेद आणि मोजमाप

लग्नकार्यांत बऱ्याच वर्षांनीं भेटलेला आप्त ‘तब्येत चांगली सुधारली हो!’ असें म्हणतो, तेव्हां पोट सुटलें आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. तरीहि ऐकणाऱ्यास तें गोड वाटतें. ‘खात्यापित्या घरचा’ हा शब्दप्रयोगहि त्याच जातीचा. वैद्यकाचा आरंभापासून विरोध असतांहि मेदाची ही स्तुति टिकली कशी, हा प्रश्न वैद्यकापेक्षां इतिहासाचा आहे.

विरोध जुनाच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत आठ प्रकारचीं निंद्य शरीरें सांगितलीं आहेत. पण अतिउंच, अतिठेंगू वगैरेंचा नुसता नामोल्लेख करून ग्रंथकार अतिस्थूल व अतिकृश या दोघांकडेच वळतो. स्थूलाचे आठ दोष तो मोजतो आणि त्यांत पहिला मान देतो आयुष्य घटण्याला! कारणमीमांसा तर फारच मार्मिक आहे. मेदानें मार्ग अडले म्हणजे वायु कोठ्यांतच कोंडून जठराग्नि चेतवितो. अन्न लौकर जिरतें, पुन्हां भूक लागते, आणि वणव्यानें रान जाळावें तसे अग्नि व वायु त्या माणसास जाळतात. स्थूलतेपेक्षां कृशता बरी, असा त्याचा स्पष्ट निर्णय आहे. हिपॉक्रेटिसच्या नांवें चालत आलेल्या ग्रीक सूत्रांतहि अतिस्थूलांना आकस्मिक मृत्यूचें भय अधिक, असें म्हटलें आहे.

मग लोकांनीं ऐकलें कां नाहीं? लोक मूर्ख होते असें मला वाटत नाहीं. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ ज्या दख्खननें पाहिला, ज्या घरांत क्षयानें तरुण मुलें डोळ्यांदेखत सुकून गेलीं, तेथें अंगावरचें चार शेर मांस ही ठेवच होती. या लोकसमजुतीला साक्ष मिळाली ती मात्र अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, अमेरिकन विमा कंपन्यांच्या खातेवह्यांत. १८८५ ते १९०८ या काळांतील विमेदारांचा त्यांचा एकत्रित हिशेब १९१२ सालीं प्रसिद्ध झाला. तरुणपणीं सरासरीहून थोडें अधिक वजन हितकर, कारण कृश तरुणांस क्षय गांठीत असे. पण वय वाढलें कीं पारडें फिरे आणि स्थूल माणसें आधीं जात. चरकाचा निर्णय जेथें पोंचला नाहीं तेथें विम्याचा वाढीव हप्ता पोंचला!

मेदाचें मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांच्याशीं असलेलें नातें पुढें निर्विवाद ठरलें. राहिला प्रश्न मापाचा. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागण्याचें जें सूत्र आज दवाखान्यांतून वापरतात, त्याचें मूळ बेल्जियमचा ज्योतिषी-गणिती केटले याच्या १८३० नंतरच्या लेखनांत आहे. त्याला रोग शोधावयाचे नव्हते, ‘सरासरी मनुष्य’ शोधावयाचा होता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव तर १९७२ चें. परक्या सरासरीवर बेतलेला हा अंगरखा आपल्या अंगाला बसतो काय?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनीं याचें उत्तर स्वतःचींच शरीरें पुढें करून दिलें. २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें दोघांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें गेलें. दोघांचा निर्देशांक एकच, २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२. त्याच सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञमंडळानें आशियाई लोकांसाठीं धोक्याची जाणीव २३ पासूनच ठेवावी असें सुचविलें. याज्ञिकांनीं पुणें जिल्ह्यांतील खेड्यांतलीं नवजात बालकेंहि तपासलीं होतीं. सरासरी वजन अवघें २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५. पुण्याकडच्या बालकांचे स्नायु तितकेच तुटपुंजे. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नव्हती. अशा बाळाच्या बारशालाहि आपण ‘अंगानें भरूं दे’ असाच आशीर्वाद देत असतों.