नायगावहून लिहिलेलं पत्र

आपल्या घरांतले शजरे काढून पाहा. परदादा, दादा, त्यांचे मुलगे, नातू सगळे सापडतील. बायकांची नावं मात्र क्वचितच. म्हणून दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या एका बाईचं माहेर मी वर्गात आवर्जून सांगते.

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० मध्ये लग्न, १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा.

१० ऑक्टोबर १८५६चं त्यांचं जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्ही वाळीत पडलात, असं भाऊ सुनावतो. त्याचं बोलणं आईला लागतं. गाई-शेळ्या कुरवाळणाऱ्याला माणसाचा विटाळ का व्हावा, असा सावित्रीबाईंचा उलट सवाल. भाऊ वरमतो, आई सुखावते. पाटलाच्या घरातला हा वाद एका पत्रामुळे आपल्यापर्यंत पोहोचला.

याच पत्रात फातिमाचं नाव येतं. आपण पुण्यात नाही, तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, हा सावित्रीबाईंचा भरवसा. एका मैत्रिणीनं ओळभर लिहिलं, म्हणून फातिमा कागदावर राहिली.

तेव्हा आपल्या दादी-नानीचं नाव, गाव, माहेर आजच वहीत उतरवा. सांगणाऱ्या वडीलधाऱ्या आहेत तोवरच हे होईल.