पुरवण्या, पाकिटे आणि मधला माणूस

इंटरनेट अणुयुद्धातही टिकावे म्हणून अमेरिकेच्या लष्कराने बांधले, हे वाक्य इतक्या ठिकाणी छापून आले आहे की आता ते सगळ्यांचे पाठ झाले आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे पाठ झालेल्या वाक्यांचा मला जरा संशयच येतो. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

अणुहल्ल्याचा विचार करणारा माणूस होता, हे खरे. पॉल बॅरन त्याचे नाव. कॅलिफोर्नियातल्या रँड या संस्थेत तो काम करत असे. त्याला दिसलेली अडचण आपल्या पिढीला लगेच कळेल. पुण्याहून नागपूरला ट्रंक कॉल लागला की एक्स्चेंजमधल्या बाई जोडून देत आणि तीन मिनिटे ती वाट तुमची. मग तुम्ही बोला, नाहीतर नुसते "हॅलो, हॅलो" करत बसा, ती दुसऱ्या कुणाला मिळत नसे. आणि मधले एक्स्चेंजच बॉम्बने उडाले तर सगळा मुलूख मुका. १९६४ साली बॅरनने अहवाल मांडले: मध्यवर्ती ठाणे नको, कोळ्याच्या जाळ्यासारख्या अनेक वाटा हव्यात, आणि निरोप अखंड न पाठवता तुकडे करून पाठवावा.

तुकडे करून म्हणजे कसा? बोर्डाच्या परीक्षेतल्या पुरवण्या आठवा. प्रत्येकीवर बैठक क्रमांक आणि पुरवणीचा क्रमांक. समजा दोरा न बांधता एकेक पुरवणी वेगळ्या एस.टी.ने तपासनिसाकडे धाडली. एक नाशिकवरून, एक नगरवरून. पाचवी आधी पोचेल, दुसरी वाटेत गहाळ होईल. पण क्रमांक आहेत, म्हणून तपासनीस त्या नीट लावून घेईल आणि कळवेल, "दुसरी आली नाही, पुन्हा पाठवा." (विद्यार्थ्याने नक्कल ठेवली आहे असे धरून चाला!) गाडीच्या चालकाला उत्तरे वाचायची गरज नाही. पत्ता पाहायचा आणि पुढच्या स्टँडवर सोपवायचे. संगणकांचे सगळे जाळे आजही याच तत्त्वावर चालते.

अमेरिकेतल्या ए.टी. अँड टी. या बलाढ्य टेलिफोन कंपनीला हे पटले नाही. मग काम ज्या सरकारी खात्याकडे जाणार होते, त्याला ते झेपणार नाही असे खुद्द बॅरनलाच वाटले आणि १९६६ साली त्याने प्रकरण थांबवायला सांगितले. अणुयुद्धाचे जाळे कागदावरच राहिले.

इकडे इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस याने १९६५ साली स्वतंत्रपणे तीच कल्पना काढली. त्याच्या डोक्यात बॉम्ब नव्हता. संगणकापुढे बसलेला माणूस थोडे टाइप करतो, मग विचार करत बसतो, आणि तेवढा वेळ तार फुकट अडून राहते, हे त्याला खुपत होते. दोघांनी एकमेकांचे काही न वाचता तुकड्याचा आकारही तोच धरला, १०२४ बिट. तुकड्याला 'पॅकेट' हे नाव डेव्हिसचे. इतर भाषांतही चालेल असा शब्द हवा म्हणून त्याने भाषातज्ज्ञाला विचारले होते म्हणतात. मराठीत तर 'पाकीट' आधीच होते!

प्रत्यक्ष बांधले गेले ते आर्पानेट, आणि त्याचे कारण अगदी घरगुती. पेंटॅगॉनमध्ये रॉबर्ट टेलर यांच्याकडे तीन ठिकाणच्या संगणकांसाठी तीन वेगळी टर्मिनल होती. एकावरून उठून दुसऱ्यावर बसावे लागे. १९६६ साली त्यांनी विचारले, एकच का नको? २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. 'एल' आणि 'ओ' पोचले आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभराने जमले.

पण मला या इतिहासातला खरा प्रश्न वेगळा वाटतो. पुरवणी हरवली तर जबाबदारी कोणाची? आर्पानेटमध्ये ती मधल्या यंत्रांची होती. फ्रान्सच्या लुई पुझाँ याने १९७२ मध्ये 'सिक्लाद' हे जाळे हाती घेतले तेव्हा तो म्हणाला, मधल्याने फक्त पुढे ढकलावे, हिशेब दोन टोकांनी ठेवावा. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ च्या आपल्या आराखड्यात हा विचार घेतला. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने त्यातूनच आलेल्या टीसीपी आणि आयपी या पद्धती स्वीकारल्या. आयपी पत्ता लिहून पाठवते, टीसीपी टोकाला बसून क्रमांक मोजते. तोवर पुझाँचे पैसे बंद झाले होते. फ्रान्सच्या टपाल व दूरध्वनी खात्याला वाटेवर आपलाच ताबा हवा होता. घरचा माणूस घरच्यांनी ओळखला नाही! २०१३ साली ब्रिटनचा क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार पाच जणांना मिळाला, त्यात पुझाँ होता.

आपल्याकडे १९८६ साली अर्नेट सुरू झाले, आठ संस्थांत मिळून. त्यात पवईची आयआयटी आणि मुंबईचीच एनसीएसटी. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. आणि मधल्या माणसाचा तो जुना प्रश्न वीस वर्षांनी आपल्या दारात आला. काही ठरावीक साइट फुकट, बाकीच्यांना पैसे, अशा योजना निघाल्या. लाखो लोकांनी ट्रायला पत्रे लिहिली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम काढला की, संकटकाळाचा अपवाद सोडता, पाकिटात काय आहे यावरून दर वेगळा लावता येणार नाही. म्हणजे चालकाने पुरवणी वाचून भाडे ठरवायचे नाही. त्याच आठवड्यात फेसबुकने 'फ्री बेसिक्स' भारतातून गुंडाळले.