एक बादशहा, अनेक चेहरे : औरंगजेबाच्या प्रतिनायकत्वाचा इतिहास

एकच व्यक्तिरेखा वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या नटांनी उभी केली, तर त्या दर्शनांतील भेदाचे कारण कोठे शोधावयाचे? नटाच्या प्रकृतीत, संहितेत, माध्यमात, की प्रेक्षकाच्या अपेक्षेत? नायकाच्या संदर्भात हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा विचारला गेला आहे. रंगभूमीवरील शिवाजी आणि संभाजी यांच्या परंपरांविषयी आस्थेने लिहिले गेले. प्रतिनायकाच्या वाट्याला मात्र बहुधा ‘भूमिका प्रभावी झाली’ एवढाच शेरा येतो. वस्तुतः नायकाच्या प्रतिमेत होणारे बदल प्रतिनायकाच्या चेहऱ्यावर अधिक स्पष्ट वाचता येतात, कारण त्या चेहऱ्याची रंगरंगोटी करताना समाज पुरेसा सावध नसतो. या दृष्टीने मराठी प्रेक्षकाने गेल्या साठ वर्षांत पाहिलेल्या औरंगजेबाचा विचार करण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. पाश्चात्य चित्रपटांत ‘जोकर’ हा खलपुरुष जॅक निकल्सन (१९८९), हीथ लेजर (२००८) आणि वाकिन फिनिक्स (२०१९) यांनी साकारला. तिघांचे जोकर परस्परांशी फारसे जुळत नाहीत, आणि तसे ते जुळावेत असा कोणाचा आग्रहही नसतो. त्या व्यक्तिरेखेला निश्चित जन्म नाही, निश्चित चरित्र नाही. प्रत्येक नट तिला नवा भूतकाळ देऊ शकतो. औरंगजेबाची स्थिती नेमकी उलट आहे. त्याला १६१८ हे जन्मवर्ष आहे, १७०७ हे मृत्युवर्ष आहे, दरबारी बखरकार आहेत, पत्रे आहेत, जदुनाथ सरकारांनी १९१२ ते १९२४ या काळात पाच खंडांत लिहिलेला इतिहास आहे, आणि खुलताबादेत कबर आहे. ज्या खलपुरुषाला कबर असते, त्याच्या अभिनयाचे परिणाम रंगमंचाच्या चौकटीत राहतीलच याची शाश्वती नसते. या मुद्द्याकडे लेखाच्या शेवटी परत यावे लागेल.

आपल्या नाट्यशास्त्रीय परंपरेत प्रतिनायकाचे लक्षण बांधलेले आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’नुसार तो लोभी, धीरोद्धत, ताठर, पापाचरणी आणि व्यसनी असतो. दुर्योधन आणि रावण या लक्षणात सहज बसतात. त्यांचे दोष अतिरेकाचे आहेत. औरंगजेब या चौकटीत अर्धाच मावतो. ताठरपणा आणि सत्तेचा लोभ त्याच्याकडे आहे. व्यसन मात्र नाही. साधे कपडे, नमाज, टोप्या शिवणे, कुराणाच्या प्रती करणे हे त्याच्या चरित्रातील तपशील मराठी वाचकाला परिचित आहेत. त्याच्या नावावर असलेल्या मृत्युपत्रात तर टोप्यांच्या कमाईतून उरलेल्या चार रुपये दोन आण्यांचा कफनासाठी विनियोग करण्याची सूचना आहे. त्या मृत्युपत्राच्या अस्सलपणाविषयी मतभेद आहेत. पण प्रतिमेच्या इतिहासात मतभेदांपेक्षा प्रसाराला महत्त्व असते. तात्पर्य, या माणसाचे खलत्व संयमातून दाखवावे लागते. नटापुढील खरी अडचण हीच आहे. आरडाओरड करणारा औरंगजेब इतिहासाला पटत नाही, आणि शांत औरंगजेब सज्जन वाटण्याचा धोका असतो.

या अडचणीला नटांनी दिलेली उत्तरे पाहण्यापूर्वी त्याच्या समोरचा नायक कसा बदलत गेला हे पाहणे आवश्यक आहे. गडकऱ्यांच्या अपूर्ण ‘राजसंन्यासा’त संभाजीच्या पतनाचे बीज संभाजीतच आहे. अशा नाटकाला बाहेरच्या शत्रूची कलात्मक निकड अल्प असते. नायक स्वतःच स्वतःचा प्रतिनायक असतो. वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र १९६० मध्ये प्रसिद्ध झाले आणि विलासी, बेजबाबदार राजपुत्राच्या रूढ चित्राला साधार आव्हान मिळाले. कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ने (१९७१) ते काम पुढे नेले. या दोन ग्रंथांच्या दरम्यान वसंत कानेटकरांची दोन नाटके येतात. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मध्ये संघर्ष पिता आणि पुत्र यांच्यातला आहे, डॉ. काशीनाथ घाणेकरांचा संभाजी घरातच जखमी झालेला आहे. ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) मध्ये हाच नट, हाच संभाजी, आता बादशहाच्या कैदेत उभा राहतो. त्याच्या समोर प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब आहे.

या सहा वर्षांत झालेला बदल मूलभूत आहे. पहिल्या नाटकात संभाजीला आपले अपराध आणि आपले दुःख होते. दुसऱ्यात त्याला परीक्षा आहे. परीक्षेला परीक्षक लागतो. नाटकाच्या शीर्षकात ओशाळणारा मृत्यू आहे, बादशहा नाही; परंतु मृत्यू रंगमंचावर येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने औरंगजेब येतो. येथे औरंगजेबाची भूमिका संवादकाची होते. बंदिवानाशी बोलल्याखेरीज, त्याला प्रश्न विचारल्याखेरीज आणि त्याची उत्तरे ऐकल्याखेरीज त्याला नाटकात काही काम उरत नाही. ज्याच्याशी वाद घालावयाचा, त्याला बुद्धी बहाल करावीच लागते. कानेटकरांच्या संवादप्रधान नाट्यशैलीने औरंगजेबाला दिलेली ही अनपेक्षित देणगी होय.

पणशीकरांच्या निवडीचा अर्थही या संदर्भात लावता येतो. १९६२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मधील लखोबा लोखंडे त्यांनी उभा केला होता. निपाणीचा हा तंबाखूचा व्यापारी न्यायालयात अत्यंत गोडपणे, अत्यंत थंडपणे स्वतःला नाकारतो. मार्व्हिन कार्लसन यांनी रंगभूमीला ‘झपाटलेली’ म्हटले आहे, ते नटाच्या देहात त्याच्या पूर्वभूमिका वस्तीला असतात या अर्थाने. १९६८ च्या प्रेक्षकाने बादशहाच्या वेषातील पणशीकरांना पाहिले, तेव्हा लखोबाची आठवण त्याच्याबरोबर नाट्यगृहात आलेली होती. शांतपणा म्हणजे सज्जनपणा नव्हे, हे त्या नटाच्या आवाजाने प्रेक्षकाला आधीच शिकवून ठेवले होते. संयमाचे खलत्व कसे दाखवावे या प्रश्नाचे एक उत्तर मराठी रंगभूमीला असे तिच्याच स्मृतीतून मिळाले. नाटकाचा प्रयोग नष्ट होतो, त्यामुळे पणशीकरांच्या हालचालींविषयी ठामपणे बोलण्यास आज मर्यादा आहेत. पण कमानी रंगमंचावर मुद्राभिनयाला वाव थोडा असल्यामुळे ही भूमिका मुख्यतः वाणीवर तोललेली असणे अपरिहार्य होते, एवढे निश्चितपणे म्हणता येईल.

दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, ना. सं. इनामदारांची ‘शहेनशहा’ ही कादंबरी आली आणि मराठी गद्याने औरंगजेबाला चक्क केंद्रस्थानी आणले. वाचक एकांतात जे स्वीकारतो ते प्रेक्षक समूहात स्वीकारीलच असे नाही. रंगभूमीने इनामदारांचे धाडस पुढे नेले नाही, ही गोष्ट दोन वाङ्मयप्रकारांतील भेदावर प्रकाश टाकणारी आहे. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने (१९७९) नायकाचे पारडे पुन्हा जड केले आणि पुढील पिढ्यांच्या मनातील संभाजी प्रामुख्याने त्या कादंबरीतून घडला.

दूरचित्रवाणीने या परंपरेत एक विलक्षण उलथापालथ केली. १९८८ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मध्ये ओम पुरी यांचा औरंगजेब मराठी घरांतही पाहिला गेला. तेथे नसीरुद्दीन शहा यांचा शिवाजी होता आणि दोघेही एकाच वास्तववादी अभिनयपद्धतीतून आलेले असल्यामुळे नायक आणि प्रतिनायक एकाच प्रतीची माणसे वाटत. पुढे २००८ मध्ये ‘राजा शिवछत्रपती’ या मराठी मालिकेत डॉ. अमोल कोल्हे शिवाजी झाले आणि यतीन कार्येकर औरंगजेब. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये कोल्हे संभाजी झाले आणि अमित बहल औरंगजेब. म्हणजे पिता आणि पुत्र या दोन भिन्न व्यक्तींना एकच चेहरा मिळाला. आणि पिता-पुत्र दोघांशीही झुंजलेल्या एकाच माणसाला दोन चेहरे मिळाले. इतिहासाची रचना याच्या उलट आहे. १६६६ च्या आग्र्यातील सत्तेचाळीस वर्षांचा बादशहा आणि १६८९ मधील सत्तरीचा बादशहा हा एकच, वृद्ध होत गेलेला माणूस आहे. मालिकांच्या व्यावसायिक व्यवहारातून हे घडले असले, तरी त्याचा अर्थ व्यावसायिक राहत नाही. नायकाला वंशाचे सातत्य मिळते; शत्रूला काळच मिळत नाही. तो वयाने वाढत नाही, फक्त बदली होतो.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मण उतेकर यांच्या ‘छावा’ (२०२५) या हिंदी चित्रपटातील अक्षय खन्ना यांचा औरंगजेब तपासला पाहिजे. येथे बादशहा जवळजवळ बोलत नाही. रंगभूषेने वार्धक्य दाट केले आहे, आवाज खाली आहे, हात सुईदोऱ्यात गुंतलेले आहेत. विकी कौशल यांचा संभाजी गर्जतो, औरंगजेब विणतो. टोप्यांचा तपशील चरित्रात साधेपणाची खूण होता. निकटदृश्यात तोच धमकीची खूण झाला आहे. चिन्ह तेच, सूचितार्थ उलटा. कानेटकरांच्या नाटकातील परीक्षक-संवादकाची जागा येथे पाहणाऱ्याने घेतली आहे. शब्दांचे द्वंद्व शेवटी येते, परंतु चित्रपटाचा भर देहाच्या यातनांवर आहे, आणि यातनांना प्रतिवाद नसतो.

यातून एक विरोधाभास निर्माण होतो. संभाजीची प्रतिमा जसजशी निर्दोष होत गेली, तसतसा त्याचा अंतर्गत संघर्ष संहितेतून हद्दपार झाला. ‘राजसंन्यासा’त तो नायकाच्या ठायी होता, ‘रायगडा’त पिता-पुत्रांत होता, ‘छावा’ चित्रपटात द्विधा, थकवा आणि हरल्याची जाणीव या गोष्टी उरल्या त्या औरंगजेबाच्या चेहऱ्यावर. नटाला काम करण्याजोगे जे काही असते, ते संघर्षातच असते. म्हणूनच चित्रपट नायकाचा असूनही अभिनयाची चर्चा प्रतिनायकाभोवती फिरली. नायकाला डागविरहित करण्याची किंमत नायकाच्याच व्यक्तिरेखेला मोजावी लागते, असा याचा अर्थ आहे. २०१७ च्या जानेवारीत पुण्यातील संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला गेला, तेव्हा अंतर्विरोध असलेला नायक आपल्याला नको आहे हेच प्रत्यक्ष कृतीने सांगितले गेले होते. त्या नकाराचा वाङ्मयीन परिणाम आठ वर्षांनी पडद्यावर दिसला.

आणखी एक तपशील बोलका आहे. ‘छावा’तील गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणाला शिर्क्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. ज्यांच्या वतीने कोणी बोलणारे असते, त्यांच्या चित्रणावर समाजाचा अंकुश राहतो. औरंगजेबाच्या वतीने बोलणारे कोणी नाही. असावे असेही नाही. पण परिणामी त्याच्या नावाचा बोजा ज्यांचा त्याच्या राज्यकारभाराशी काडीचा संबंध नाही अशा आजच्या माणसांवर पडतो. चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. १७ मार्चला कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार झाला, आणि त्या संदर्भात विधानसभेतही चित्रपटाचा उल्लेख झाला. एका चित्रपटाला दंगलीचे एकमेव कारण ठरविणे भाबडेपणाचे होईल. तथापि व्यक्तिरेखा आणि कबर यांतील अंतर मिटले की समीक्षेला मौन पाळता येत नाही.

सोलापुरात राहणाऱ्याला हे अंतर विशेष जाणवते. या शहराच्या रस्त्यांवर मराठी, कन्नड, तेलुगूबरोबर दखनी बोलली जाते, आणि रंगमंचावरील वा पडद्यावरील बादशहाची भारदस्त उर्दू त्या बोलीशी कोठेही जुळत नाही. ती भाषा केवळ ‘शत्रू’ या अर्थाची खूण आहे. बादशहाचा देह मात्र आपल्याच जिल्ह्यात वावरून गेला आहे. १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढ्याजवळ भीमाकाठी ब्रह्मपुरी येथे त्याची छावणी होती. तिचे नाव त्याने इस्लामपुरी ठेवले, आणि शेजारच्या माचणूरचा किल्ला त्याच काळाची आठवण देतो. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेच्या पुराने त्या छावणीची दाणादाण उडवली. त्याआधी थोडेच, १६९५ मध्ये, जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाने गलगल्याच्या छावणीत त्याला पाहिले होते. त्याच्या वर्णनातला बादशहा ठेंगणा, बारीक, वयाने वाकलेला, पांढऱ्या मलमलीतला, काठीवर भार देऊन उभा असलेला आहे. चष्म्याशिवाय स्वतःच्या हाताने अर्जांवर शेरे लिहितो आहे आणि प्रसन्न दिसतो आहे.

अर्जांवर शेरे लिहिणारा हा प्रसन्न वृद्ध कोणत्याही नटाने अद्याप पुरता साकारलेला नाही. संभाजीचे हालहाल करून त्याला मारण्याची आज्ञा देणारा हात आणि हा कारकुनी करणारा हात एकच आहे, ही गोष्ट क्रौर्य सौम्य करीत नाही. ती अधिक अस्वस्थ करते. खलत्व चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले असले की प्रेक्षक सुरक्षित राहतो, कारण तो चेहरा आपला नाही याची त्याला खात्री असते. पणशीकरांच्या औरंगजेबाशी वाद घालता येत होता, खन्नांच्या औरंगजेबाकडे पाहता येते. कारेरीच्या औरंगजेबासमोर मात्र अर्ज घेऊन रांगेत उभे राहावे लागेल. सत्तेचा अनुभव बहुसंख्य माणसांना असाच येतो. तो ज्या दिवशी मराठी नाटककार आणि नट यांना रंगमंचावर आणता येईल, त्या दिवशी संभाजीलाही त्याचा हरवलेला अंतःसंघर्ष परत मिळण्याची शक्यता निर्माण होईल.